आई-वडील काय काम करीत होते? : एका प्रश्नाचा इतिहास, मोदेनापासून शिरोळपर्यंत

१/
कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या चार-पाच वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा केसपेपरवर त्याचे नाव, वय, गाव, वजन आणि रक्तातील पेशींची संख्या लिहिली जाते. ते मूल पोटात असताना आई कोणाच्या रानात भांगलायला जात होती, बाप फौंड्रीत होता की पाठीवर पंप घेऊन उसात, हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही. हा प्रश्न विचारावा का, कसा विचारावा आणि मिळालेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा, यावर जगात बराच काळ वाद, शोध आणि खटले झाले. आजचा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रश्नाचा पहिला मानकरी बर्नार्दिनो रामाझिनी. इटलीतील मोदेना येथील या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. कुंभार, रंगारी, खाणकामगार, सुईणी अशा अनेक धंद्यांची पाहणी त्यात आहे. वैद्याने रुग्णाला काय काय विचारावे, याची यादी हिपोक्रेटिसच्या काळापासून चालत आली होती. रामाझिनीने त्या यादीत एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा कोणता? आज हा प्रश्न साधा वाटतो. त्या काळी मात्र वैद्य श्रीमंतांच्या घरी जात आणि हाताने काम करणाऱ्याचे दुखणे त्याच्या नशिबावर सोडून दिले जाई.

३/
पुढचा टप्पा लंडनचा. १७७५ साली शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचे वर्णन केले. ही कामगिरी लहान मुलांना दिली जाई, कारण अरुंद धुराड्यात तीच शिरू शकत. काजळी वर्षानुवर्षे कातडीत मुरे आणि रोग मोठेपणी उद्भवे. विशिष्ट धंदा आणि विशिष्ट कर्करोग यांची सांगड घालणारे हे सर्वात जुने ठोस उदाहरण मानतात. बालपणीचा संसर्ग आणि पुढे कितीतरी वर्षांनी रोग, हे अंतरही येथे प्रथम ठळकपणे दिसले. तरीही पॉट यांच्यासमोरचा रुग्ण स्वतः ते काम केलेला होता. ज्याने कधीच काम केलेले नाही, अशा तान्ह्या मुलाचे काय?

४/
हा प्रश्न उभा राहायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. गोवर, घटसर्प, हगवण यांनीच मुले दगावत होती, तोवर बालकर्करोग त्या गर्दीत दिसत नव्हता. लसी आणि प्रतिजैविके आली, तसा तो उघडा पडला. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने काही मुलांचा रक्तकर्करोग तात्पुरता माघारी लावला. हे औषध लेडर्ले प्रयोगशाळेत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवले होते. उपचारांचा इतिहास तेथून धावू लागला. कारणांचा इतिहास मात्र रांगतच राहिला.

५/
कारणांचा माग काढणारी पहिली मोठी मोहीम ॲलिस स्ट्युअर्ट यांची. ऑक्सफर्डच्या या डॉक्टर बाईंनी १९५३ ते १९५५ या काळात इंग्लंड-वेल्समध्ये कर्करोगाने दगावलेल्या दहा वर्षांखालील मुलांच्या आयांना गाठून सविस्तर प्रश्नावली भरून घेतली. तुलनेसाठी निरोगी मुलांच्या आयांनाही तेच प्रश्न विचारले. १९५६ साली प्राथमिक आणि १९५८ साली पूर्ण निष्कर्ष प्रसिद्ध झाला : गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या स्त्रियांच्या मुलांत धोका जवळपास दुप्पट. वैद्यकविश्वाने नाक मुरडले. आक्षेप असा की, मूल गमावलेली आई प्रत्येक लहानसहान गोष्ट आठवून सांगते, निरोगी मुलाची आई विसरून जाते. मग तुलना खरी कशी मानायची?

६/
इतिहासाच्या वाचकांना हा वाद ओळखीचा वाटेल. बखर मागाहून, आठवणीवर लिहिलेली असते आणि पत्र घटनेच्या वेळचे असते. म्हणूनच वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांना अधिक वजन दिले. येथेही तेच घडले. अमेरिकेत ब्रायन मॅकमहॉन यांनी १९६२ साली कोणाही आईला काही न विचारता प्रसूतिगृहांचे जुने कागद तपासले. एक्स-रेची नोंद मूल जन्मण्याआधीच झालेली होती, त्यामुळे आठवणीच्या दोषाला जागाच नव्हती. तेथेही धोका वाढलेलाच आढळला, सुमारे ४० टक्क्यांनी. स्ट्युअर्ट यांची 'बखर' कागदाने खरी ठरवली. पुढे गरोदर स्त्रियांचे एक्स-रे हळूहळू कमी झाले.

७/
१९७१ साली बोस्टनमध्येच आणखी एक धक्का बसला. तरुण मुलींत सहसा न आढळणारा योनिमार्गाचा एक कर्करोग काही मुलींत दिसू लागला. आर्थर हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्ण तपासले. त्यांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक घेतले होते, तेही गर्भपात टळावा म्हणून डॉक्टरांनीच लिहून दिलेले. या औषधावरचा संशय प्रथम एका आईने बोलून दाखवला होता. आईच्या शरीरात गेलेले रसायन लेकीत पंधरा-वीस वर्षांनी रोग उभा करू शकते, हे आता नाकारता येईना.

८/
एक्स-रे झाला, औषध झाले. आता पाळी रोजगाराची. १९७४ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात जॅकलीन फाबिया आणि त्रुओंग दाम थुय यांनी एक साधी युक्ती केली. तेथील जन्मनोंदीत बापाचा धंदा लिहिलेला असे. पाच वर्षांच्या आत कर्करोगाने दगावलेल्या ३८६ मुलांच्या जन्मनोंदी त्यांनी काढल्या आणि त्याच नोंदींतील इतर मुलांशी ताडून पाहिल्या. आजारी मुलांच्या बापांत मोटार मेकॅनिक, पेट्रोलपंपावरचे कामगार, यंत्रकामगार, रंगारी असे तेल आणि द्रावकांत हात बुडालेले लोक जास्त निघाले. साऱ्या अभ्यासाचा पाया होता जन्माच्या दाखल्यावरचा एक रकाना.

९/
लगेच सर्व काही सिद्ध झाले, असे मात्र नाही. १९७६ साली फिनलंडमधील पाहणीत हा संबंध दिसला नाही. १९८१ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांना मुलांच्या मेंदूतील गाठी आणि बापाचे रंग-द्रावकांचे किंवा विमानकारखान्यातील काम यांत नाते आढळले. पुढे कुठे होकार, कुठे नकार. कारणे दोन. बालकर्करोग मुळात विरळा, त्यामुळे आकडे लहान. आणि 'मेकॅनिक' या एका शब्दाखाली बेंझिनने हात धुणारा आणि केवळ नट आवळणारा, दोघेही येतात. धंद्याचे नाव ही हाताळलेल्या रसायनाची फार ढोबळ खूण आहे.

१०/
आई-बापाच्या कामाचे विष मुलापर्यंत पोहोचेल तरी कसे? वाटा तीन. पहिली गर्भधारणेपूर्वीची : पुरुषाचे शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्या काळात जनुकांना इजा होऊ शकते. दुसरी गर्भातली : आईच्या रक्तातील अनेक रसायने वार ओलांडून गर्भात जातात. तिसरी उंबरठ्यावरची : कामाचे कपडे, चपला आणि केस यांच्याबरोबर धूळ घरात येते. ही तिसरी वाट १९६५ साली लंडनमध्ये ठळक झाली. ॲस्बेस्टॉस कारखान्यात कधी पाऊलही न टाकलेल्या, पण कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या माणसांत छातीच्या आवरणाचा कर्करोग आढळला.

११/
दुसऱ्या वाटेला मोठा आधार मिळाला तो ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज यांच्या कामातून. नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर सुकवून जपून ठेवण्याची पद्धत अनेक देशांत आहे. १९९७ साली अशा जुन्या थेंबांत रक्तकर्करोगाची जनुकीय खूण सापडली. रोग दिसला जन्मानंतर काही महिन्यांनी ते दोन वर्षांच्या वयापर्यंत, पण पहिली चूक जन्मापूर्वीच झालेली होती. अशी खूण सुमारे शंभरात एका बालकात असते आणि त्यांतल्या फारच थोड्यांना पुढे रोग होतो. म्हणजे दुसरा घाव जन्मानंतर बसावा लागतो. जपून ठेवलेला कागदाचा तुकडा येथेही साक्षीदार ठरला.

१२/
नोंदी आरोप सिद्ध करतात, तशा आरोपातून मुक्तही करतात. इंग्लंडमधील सेलाफील्ड अणुप्रकल्पाशेजारच्या सीस्केल गावात मुलांच्या रक्तकर्करोगाचे प्रमाण जास्त होते. १९९० साली मार्टिन गार्डनर यांनी सुचवले की, गर्भधारणेपूर्वी बापाला मिळालेला किरणोत्सर्ग हे कारण असावे. प्रकल्पाकडे प्रत्येक कामगाराच्या मात्रेची नोंद होती, म्हणून हे तपासता आले. इतरत्र केलेल्या अभ्यासांनी या तर्काला दुजोरा दिला नाही. १९९३ साली न्यायालयानेही पीडित कुटुंबांचा दावा फेटाळला. शोकाकुल गावाचा संशय प्रामाणिक असतो, पण तेवढ्याने तो पुरावा होत नाही.

१३/
आता हा प्रश्न घेऊन कोल्हापुरात येऊ. जगभरच्या अभ्यासांत ज्या धंद्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात, त्यांतील कित्येक या एका जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदतात. पंचगंगेकाठचा ऊस, शिरोळचा भाजीपाला, उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि कापडावरील रंगप्रक्रिया, हुपरीचे चांदीकाम. सीमेपलीकडे लागूनच निपाणीची तंबाखू. यांतील सर्वात मोठा पसारा शेतीचा, म्हणून आधी तिच्याकडे पाहू.

१४/
राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. पाणी आले, ऊस वाढला. १९३० च्या दशकात कसबा बावड्यात साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची रांग लागली आणि जिल्ह्याचे अर्थकारण उसाभोवती फिरू लागले. तोवरच्या शेतीत शेणखत होते, राख होती, कडुनिंब होता. ऊस बारमाही झाला, तशी कीडही बारमाही झाली आणि नेमक्या त्याच काळात नवी रसायने दारात आली.

१५/
ती आधी शेतात नव्हे, घरात आली. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीचे पंप घेऊन पथके गावोगाव फिरू लागली, घरांच्या भिंतींवर फवारणीच्या तारखा लिहिल्या जाऊ लागल्या. हिवताप खरोखर ओसरला, हे विसरता कामा नये. १९५२ पासून बीएचसी भुकटीही देशात तयार होऊ लागली. पुढे फॉलिडॉल आणि एंड्रीन आले. एंड्रीन हे नाव तर मराठी खेड्यात आत्महत्येशीच जोडले गेले. उसातील हुमणीसाठी दाणेदार थिमेट आले, तण मारायला टू-फोर-डी आले.

१६/
कायदा मागाहून आला. १९५८ साली केरळात, वाहतुकीत फॉलिडॉल सांडलेले धान्यपीठ आणि साखर खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दुर्घटनेनंतर चौकशी झाली आणि अखेरीस १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. पुढच्या तारखा पाहा. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली बंद, एंड्रीन १९९० साली, बीएचसी १९९७ साली. थिमेट, म्हणजे फोरेट, २०२० च्या अखेरीस. एकेका रसायनाने दोन-तीन पिढ्या शेतात काढल्यावर त्याला निरोप मिळाला. या साऱ्या कायद्याचा रोख तत्काळ विषबाधेवर होता. हळूहळू भिनणाऱ्या, पुढच्या पिढीत उमटणाऱ्या इजेचे मोजमाप त्यात फारसे नव्हते.

१७/
ते मोजमाप किती उशिरा होते, याचा एक दाखला कॅलिफोर्नियातला. ओकलंड परिसरात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर स्त्रियांचे रक्त गोठवून जपले गेले. २०१५ साली बार्बरा कोन आणि सहकाऱ्यांनी त्यातील डीडीटीचे प्रमाण मोजले. ज्यांच्या आयांच्या रक्तात डीडीटीचा एक विशिष्ट प्रकार सर्वाधिक होता, त्या मुलींत बावन्नाव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका जवळपास चौपट आढळला. हा बालकर्करोग नव्हे, पण आईच्या रक्तातले विष लेकीच्या पन्नाशीत बोलते, हे यातून कळले. डीडीटी आपल्या भिंतींवरही त्याच दशकांत फवारले गेले होते. आपल्याकडे त्या काळचे रक्त कोणी जपले नाही.

१८/
आज जगाचा पुरावा काय सांगतो? बालरक्तकर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१४ साली अनेक देशांतील १३ अभ्यासांची सामग्री एकत्र केली. गरोदरपणी आईचा कामाच्या निमित्ताने कीटकनाशकांशी संबंध आला असेल, तर मुलात तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाचा धोका जवळपास दुप्पट आढळला. गर्भधारणेच्या सुमारास बापाचा संबंध आला असेल, तर तीव्र लिंफोब्लास्टिक प्रकाराचा धोका सुमारे २० टक्क्यांनी जास्त. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लिंडेन, म्हणजे बीएचसीतील मुख्य विषारी घटक, निश्चित कर्करोगजनक ठरवला आणि डीडीटी, मॅलाथिऑन, ग्लायफोसेट यांना 'बहुधा कर्करोगजनक' या वर्गात ठेवले.

१९/
'दुप्पट' या शब्दाने घाबरून जाऊ नये आणि तो झटकूनही टाकू नये. समजा, एखादा रोग दहा हजार मुलांत एकाला होतो. दुप्पट म्हणजे दहा हजारांत दोघांना. उरलेली ९,९९८ मुले त्या रोगापासून दूरच. एका घरापुरते पाहिले तर धोका लहान. पण ज्या जिल्ह्यात लाखो माणसे तेच काम करतात, तेथे लहान धोक्याचीही बेरीज खऱ्या मुलांमध्ये होते. आणि या १३ अभ्यासांतील बहुतेक देश श्रीमंत आहेत. तेथील फवारणी आणि आपल्याकडे उघड्या अंगाने, तोंडाला टॉवेल बांधून होणारी फवारणी यांत फरक आहे.

२०/
प्रश्न विचारताना भाषेचीही मेख आहे. आपल्याकडे कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. औषध मारतात, औषध टाकतात, औषधाचा डबा गोठ्याच्या कोनाड्यात ठेवतात. बाईला विचारले, 'तुम्ही कीटकनाशके हाताळलीत का?' तर उत्तर येईल, 'नाही.' ते खरेही आहे, पंप पुरुषाच्या पाठीवर असतो. पण औषध मारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी भांगलायला कोण जाते? लागणीच्या वेळी औषधाच्या पाण्यात उसाच्या कांड्या बुडवून कोण काढते? फवारणीचे कपडे कोण धुते? हे तीन प्रश्न कोल्हापुरी बोलीत विचारले, तरच खरे उत्तर मिळेल.

२१/
शेतीबाहेरच्या धंद्यांविषयी थोडक्यात. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या स्वयंशिक्षित कारागिरांनी कोल्हापूरला यंत्रउद्योगाची परंपरा दिली. त्यातून वाढलेल्या ओतकामाची बाजू अशी की, लोखंड-पोलाद ओतण्याचे काम कामगारासाठी निश्चित कर्करोगजनक म्हणून १९८७ सालीच वर्गीकृत झाले. मुलांबाबत तसा ठाम निष्कर्ष नाही. रंगकामाबाबत मात्र २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात, आईने हे काम केले असल्यास मुलांतील रक्तकर्करोगाशी संबंध असल्याचा 'मर्यादित' पुरावा नोंदवला आहे. हुपरीचे काम बरेचसे घरातच चालते. तेथे कारखाना आणि पाळणा एकाच छपराखाली असतो.

२२/
आणखी एक गुंता ऊसतोडीचा. हंगामात बीड आणि इतर दुष्काळी भागांतून हजारो जोडपी कोल्हापूरच्या फडांत येतात. पाचटाच्या खोपीत राहतात, गरोदर बायाही मोळ्या वाहतात. हंगाम संपला की गावी परततात. मूल जन्मते गावी आणि आजारी पडलेच, तर नोंद होते गावच्या पत्त्यावर. ज्या रानाच्या मातीत आणि पाण्यात आईचे दिवस गेले, ते शिरोळ किंवा हातकणंगले त्या नोंदीत कुठेच नसते. रोग एका जिल्ह्यात मोजायचा आणि कारण दुसऱ्या जिल्ह्यात शोधायचे, अशी ही स्थिती.

२३/
मोजण्याचा आपला इतिहास अभिमानास्पद आहे, हेही सांगायला हवे. १९६३ साली मुंबईत डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८१ च्या अखेरीस राष्ट्रीय कार्यक्रम आला. आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नाही, हे ओळखून तेथील कार्यकर्ते गावोगाव फिरत, गावातल्या जाणत्या माणसांना भेटत, बैठका घेत आणि रुग्ण शोधून काढत. नोंदणी म्हणजे नुसते कार्यालय नव्हे, पायपीट आहे, हे बार्शीने दाखवून दिले.

२४/
पण राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२० सालच्या अहवालात देशातील २८ नोंदण्या आहेत. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. त्यात कोल्हापूर नाही. २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार लोकसंख्या असलेला, ऊस आणि उद्योगाने गजबजलेला हा जिल्हा त्या नकाशावर कोरा आहे. शिरोळ तालुक्यात कर्करोगाचे रुग्ण वाढल्याची चर्चा वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे होते. ती चर्चा खरी ठरवायला किंवा खोटी ठरवायला लागणारा दर, म्हणजे दरवर्षी लाख माणसांमागे किती रुग्ण, हाच हाती नसेल, तर भीती आणि दुर्लक्ष दोन्ही सारख्याच जोमाने वाढतात.

२५/
नोंदी जोडल्या तर काय होते, हे अमेरिकेतील आयोवा राज्यात दिसले. तेथे फवारणीचा परवाना घेणाऱ्यांची यादी होती आणि कर्करोगाची नोंदवहीही होती. संशोधकांनी परवानाधारकांच्या १७,३५७ मुलांची नावे नोंदवहीशी ताडली. २००४ साली निष्कर्ष आला : ५० मुलांना कर्करोग, अपेक्षेपेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त. त्यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची. जे बाप रसायनरोधक हातमोजे वापरत नव्हते, त्यांच्या मुलांत धोका वापरणाऱ्यांच्या मुलांपेक्षा जवळपास दुप्पट होता. दोन वह्या शेजारी ठेवल्याने शेतकऱ्याच्या हाती एक सोपा उपाय आला.

२६/
आपल्याकडे वही मुळीच नाही, असेही नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालील जन्माच्या अहवाल-अर्जात आईचा आणि वडिलांचा व्यवसाय विचारलेला असतो. तो अर्जाच्या सांख्यिकी भागात असतो, हाती येणाऱ्या दाखल्यावर दिसत नाही. क्वेबेकमध्ये ज्या रकान्यावर १९७४ चा अभ्यास उभा राहिला, तो रकाना आपल्याकडे छापलेला आहे. तो भरताना वर्षभर मजुरीला जाणाऱ्या बाईपुढे 'गृहिणी' आणि ओतकाम करणाऱ्यापुढे 'नोकरी' एवढेच पडले, तर मात्र पन्नास वर्षांनी कोणालाही त्यातून काही वाचता येणार नाही. २०२३ पासून नोंदणी अधिकाधिक संगणकीय होत आहे. रकाना नीट भरण्याची हीच वेळ आहे.

२७/
कोल्हापूरकरांना दफ्तराचे मोल सांगायला नको. संस्थानकाळचे कागद येथील पुरालेखागारात आहेत, म्हणून शाहू महाराजांचे राज्य आपण वर्ष-महिन्यानिशी वाचू शकतो. पाणी, पेठा, शाळा यांची नोंद त्या काळी होऊ शकली, तर आजारी लेकराच्या आई-बापाच्या कामाची नोंद आज का होऊ नये? मागणी मोठी नाही. जिल्ह्यासाठी लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी हवी. बालकर्करोगाच्या प्रत्येक केसपेपरवर आई-वडिलांच्या कामाचे दोन रकाने हवेत : मुलाच्या जन्माआधीच्या वर्षी केलेले काम आणि हंगामी कामाचे गाव.

२८/
तरुण वाचकांना करण्यासारखे कामही आहे. गावातल्या साठी-सत्तरीच्या माणसांकडून ऐकून लिहा : कोणत्या साली कोणते 'औषध' आले, डबा कुठे ठेवत, पंप कोण धुई, भांगलण फवारणीनंतर किती दिवसांनी होई. कृषी सेवा केंद्रांच्या जुन्या पावत्या, सहकारी सोसायटीच्या वह्या, कारखान्यांचे वार्षिक अहवाल रद्दीत जाण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्या. रसायनांच्या वापराचा गावनिहाय इतिहास अशाच कागदांतून उभा राहील आणि उद्याच्या संशोधकाला तोच लागेल.

२९/
शेवटची गोष्ट, आणि ती सर्वात महत्त्वाची. हा धागा एखाद्या आजारी मुलाचे आई-वडील वाचत असतील, तर त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. बहुसंख्य मुलांत नेमके कारण सांगता येत नाही आणि पोटासाठी केलेले काम हा गुन्हा नव्हे. बालकर्करोगावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. वेळेवर निदान आणि उपचार पूर्ण करणे, याला पर्याय नाही. 'तुम्ही काय काम करीत होता?' हा प्रश्न आई-बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी विचारायचा नसतो. पुढच्या फवारणीला हातमोजे मिळावेत आणि गरोदर बाईला औषध मारलेल्या रानात जावे लागू नये, यासाठी तो विचारायचा असतो.

धागा समाप्त. आपल्या गावच्या आठवणी आणि जुन्या नोंदी असतील, तर खाली जरूर लिहा.